क्रौंचांच्या गावी, उणे वीस अंशांत

सहार विमानतळाच्या दाराशी आईने माझ्या हातातली पर्स घेतली, चेन उघडून आत सुंठेची पुडी सारली आणि पर्स परत दिली. तीन वर्षांची सई माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती आणि तिची लाळ माझ्या नव्या कोटावर गळत होती. तो कोट बॅगेत मावला नाही म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात मी अंगात चढवला होता. बाबा ट्रॉलीची अडलेली चाकं बुटाच्या टोकाने सरळ करत होते. "वर्षभराचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. तुमच्यापैकी जे माझ्या आगेमागे जपानला आले, त्यांच्या घरच्यांनीही हेच म्हटलं असणार. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत पुण्या-मुंबईहून जपानला निघालेला प्रत्येक इंजिनियर वर्षभरासाठीच निघत होता. आई शेवटी एवढंच म्हणाली, "आता आत जा. उभी राहिलीस तर मला रडू येईल."

माझा नवरा मिलिंद आधीच तोक्योला पोचला होता. एका बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामावर त्याच्या कंपनीने त्याला पाठवलं होतं. मी तोवर पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी, आणि दिवसातला अर्धा वेळ डोळा मायक्रोस्कोपला. ते काम मला मनापासून आवडायचं. धुरकट, पसरट काहीतरी दिसत असतं, बोटांनी बारीक चक्री किंचित फिरवायची, आणि एका क्षणी ते सगळं लख्ख समोर येतं. नोकरी सोडली तेव्हा सगळे म्हणाले, "छोटासा ब्रेक समज." जपानच्या व्हिसावर मात्र माझ्यासाठी वेगळा शब्द होता: डिपेंडंट. तोक्योला पोचल्यावर मी पासपोर्ट मिलिंदच्या कपाटात ठेवून दिला आणि बरेच दिवस बाहेर काढला नाही.

तोक्योच्या एदोगावा भागातला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. बाल्कनीतून समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या दिसायच्या, त्यांत वाळत घातलेल्या गाद्या, आणि मधूनच एखादा आपल्याकडचा कॉटनचा गाऊन. तो दिसला की बरं वाटायचं. जळणारा कचरा कधी, न जळणारा कधी, बाटल्या कधी, हे मी शेजारणीकडून शिकले. मिलिंद सकाळी जायचा तो रात्री शेवटच्या गाड्यांपैकी एखादीने परतायचा. सई लवकरच शाळेतल्या मुलांसारखं जपानी बोलायला लागली आणि मी मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तरं द्यायला लागली. मीही वॉर्ड ऑफिसच्या मोफत वर्गात जाऊन भाषा शिकले. मग तीन स्टेशनं पलीकडच्या बाजारपेठेतल्या एका फोटोच्या दुकानात आरुबाइतो धरला. आरुबाइतो म्हणजे तासांच्या हिशेबाने करायची अर्धवेळ नोकरी. इथले विद्यार्थी आणि गृहिणी सर्रास करतात. दुकानाचे मालक कुरोकी-सान अबोल आणि सभ्य गृहस्थ होते. डिजिटल कॅमेरे आले होते, तरी हौशी म्हातारी मंडळी अजून फिल्मचे रोल धुवायला टाकायची.

हासेगावा-सान तिथेच भेटल्या. सत्तरीच्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलं होतं, एकट्याच राहायच्या. दर हिवाळ्यात त्या होक्काइदोला जायच्या, जपानच्या अगदी उत्तरेला, तिथल्या क्रौंच पक्ष्यांचे फोटो काढायला. जपानीत त्या पक्ष्याला त्सुरु म्हणतात. पांढरंशुभ्र अंग, काळी मान, डोक्यावर लाल टिकली. लग्नाच्या किमोनोवर, नोटेवर, साकेच्या बाटलीवर मी तो पाहिला होता, पण खरा असतो हे हासेगावा-सानच्या स्लाइड्स पाहूनच मनावर ठसलं.

त्या स्लाइड्स खाली दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर मांडायच्या आणि भिंगातून पाहायच्या. आमच्या इथल्या चौथ्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांनी काही जुने-नवे रोल आणले. एकेक स्लाइड पाहून विचारायच्या, "पिंतो बरोबर आहे का?" पिंतो म्हणजे फोकस. कुरोकी-सान वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "वा, किती सुंदर!" एक दिवस ते बाहेर गेले होते म्हणून हासेगावा-साननी मला विचारलं. मी भिंगातून पाहिलं. जुन्या स्लाइड्समध्ये पिसं मोजता आली असती. नव्यांमध्ये पक्षी किंचित विरघळल्यासारखे दिसत होते, सगळ्याच्या सगळ्यांमध्ये.

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर "सुंदर" म्हणून मोकळी झाली असती. पण मी पडले पुण्याची, त्यातून लॅबमधली.

"नाही," मी म्हणाले. "पिंतो पक्ष्याच्या मागच्या झाडांवर गेलाय. सगळीकडे."

त्यांनी माझ्या हातातून भिंग घेऊन खाली ठेवलं. मग स्लाइड्स गोळा केल्या, वाकून नमस्कार केला आणि गेल्या. मी दिवसभर कानकोंडी झाले होते. या देशात इतकं तोंडावर बोलायचं नसतं, हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "मंजिरी-सान, माझ्या डोळ्यांना आजार आहे. सरळ पाहिलं की मधोमध काळा डाग दिसतो. कडेचं दिसतं, मधलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतंच. पण फोटो बिघडायला लागलेत हे कुणी सांगत नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "जानेवारीत मी शेवटचं जाणार आहे. एक फोटो राहिलाय. तुम्ही चला माझ्याबरोबर. पिंतो तुम्ही सांगा."

मला कॅमेऱ्यातलं फारसं कळत नव्हतं, हे मी सांगितलं. "पण तुम्हाला दिसतं," त्या म्हणाल्या, "आणि दिसलं ते तुम्ही सांगता."

घरी हे बोलले तेव्हा मिलिंद जेवता जेवता थांबला. "उणे वीस असतं तिथे! आपल्याला इथल्या थंडीत दोन मोजे लागतात." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "तू विचारत नाहीयेस, सांगते आहेस, हो ना? मग जा. सईला मी बघतो." आईला फोन केला तर ती म्हणाली, "पक्षी बघायला बर्फात? सारसबागेजवळ पेशवे पार्कात प्राणी-पक्षी होते तेव्हा तर कधी म्हणून गेली नाहीस." पण तिने लगेच तिळगुळाची आठवण करून दिली, संक्रांत जवळ होती. मी लाडू केले आणि थोडे डब्यात भरून बरोबर घेतले.

जानेवारीतल्या सोमवारच्या सुटीला जोडून आम्ही निघालो. कुशिरो विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा पहिल्या श्वासालाच नाकातले केस ताठ झाले. असलं काही होतं हे मला माहीतच नव्हतं. तिथून त्सुरुई नावाच्या गावाला गेलो. नावातच त्सुरु. एका शेतकरी जोडप्याच्या घरातल्या दोन खोल्या आमच्यासाठी होत्या. मी मांस-मासे खात नाही हे हासेगावा-साननी आधीच कळवलं होतं, त्यामुळे ताटात लोण्यात परतलेले बटाटे, मका आणि दुधातलं भोपळ्याचं सूप होतं. भाकरीशिवाय एवढं तृप्त होऊन मी कधी जेवले असेन असं मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी हासेगावा-साननी मला थंडीत कॅमेरा कसा सांभाळायचा ते शिकवलं. बॅटऱ्या कॅमेऱ्यात ठेवायच्या नाहीत, आतल्या खिशात छातीशी ठेवायच्या. गारठ्यात त्या बसतात. तिवईच्या पायांना उघडा हात लावायचा नाही, कातडी चिकटते. फिल्म हळूहळू पुढे सरकवायची, थंडीत ती कडक होऊन तुटते. घरात येण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बांधायचा, नाहीतर आतून घाम धरतो. "आणि श्वास," त्या म्हणाल्या, "कॅमेऱ्यावर सोडायचा नाही. खाली सोडायचा. काचेवर पडला की तिथेच बर्फ." गरम राहणाऱ्या काइरोच्या पुड्या त्यांनी माझ्या पाठीला, पोटाला आणि बुटांत चिकटवल्या. मला आईने लग्नात शालू नेसवला होता त्याची आठवण झाली. तशीच मी हात पसरून उभी होते.

त्यांचा राहिलेला फोटो कोणता, हेही तेव्हाच कळलं. क्रौंचांची जोडी मान आकाशाकडे करून एकत्र ओरडते. नर एकदा, मादी त्याला जोडून दोनदा. पण कानाला तो एकच आवाज वाटतो. कडाक्याच्या थंडीत, सूर्य समोरून तिरका येत असेल तर त्या आवाजाबरोबर चोचीतून निघालेला श्वास दिसतो. "आवाजाचा फोटो," त्या म्हणाल्या. "संगीताच्या बाईला हाच फोटो मिळालेला नाही."

पहिल्या सकाळी उजाडण्याआधी आम्ही नदीवरच्या पुलावर गेलो. क्रौंच रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कारण वाहतं पाणी बर्फापेक्षा ऊबदार. पुलाच्या कठड्याशी आधीच माणसांची रांग होती, तिवया लावून, टोप्यांत आणि मफलरांत गुरफटलेली. कुणी बोलत नव्हतं. नव्याने आलेला माणूस मागूनच वाकून नमस्कार करायचा आणि मिळेल त्या फटीत उभा राहायचा, कुणाच्या पुढे नाही. मला ते फार आवडलं. पण आभाळ भरलेलं होतं, थंडी पुरेशी नव्हती, पक्षी पाण्यात राखाडी ठिपक्यांसारखे दिसत होते. सूर्य आलाच नाही. परतताना सगळ्यांनी इथल्या रिवाजाप्रमाणे एकमेकांना "श्रमलात" म्हणून नमस्कार केले, जणू खूप काही मिळालं होतं.

दुसरी सकाळ शेवटची. त्या दिवशीच दुपारी आमचं विमान होतं. पारा उणे वीसच्या खाली गेला होता. पापण्या मिटल्या की चिकटत होत्या. नदीवर वाफ चढली होती आणि काठावरच्या झाडांच्या प्रत्येक फांदीवर पांढरे काटे उगवले होते. असं दृश्य मी आजवर पुन्हा पाहिलेलं नाही. पण वाफ इतकी दाट झाली, की पक्षी दिसेनासेच झाले. फक्त ऐकू येत होते. उजाडलं, तरी समोर पांढरा पडदा. एकेक जण तिवई मिटायला लागला.

मला हासेगावा-सानकडे पाहवेना. त्या मात्र डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आता ते उठतील. गावकरी दाणे टाकतात त्या शेताकडे जातील. चला, आपण आधी पोचू."

शेत म्हणजे बर्फाचं मोकळं पटांगण, कडेला लाकडी कुंपण. आम्ही तिवई लावली, आणि वाफेच्या वर सूर्य आला. समोरून, तिरका, अगदी हवा तसा. डोक्यावरून पंखांचा आवाज करत क्रौंच आले. उतरताना पाय पुढे, पंख पसरलेले, आणि बर्फाला पाय लागल्यावर दोनच पावलं धावून थांबणं. मी आ वासून पाहत राहिले. हासेगावा-साननी माझी बाही ओढली. "मंजिरी-सान, कुठे आहेत ते सांगा."

"एक जोडी आपल्या बरोबर समोर. शंभर पावलांवर. बाकीचे डावीकडे."

"जोडी पुरे."

मी कॅमेऱ्याला डोळा लावला, पिंतो जुळवणारी भिंगाची कडी दोन बोटांत धरली. खटका दुरून दाबायची शटरची तार त्यांच्या हातात होती. आणि मग त्यांनी टोपी एका बाजूने वर सारून उजवा कान उघडा केला. उणे वीस अंशांत! "कान!" मी मराठीतच ओरडले. शब्द कळला नसला तरी अर्थ कळला असावा. "ऐकायला हवं," त्या म्हणाल्या.

जोडी ओरडली. खटका दाबला गेला, पण माझं बोट अजून कडीवर चाचपडत होतं. "नाही," मी म्हणाले. "पिंतो नव्हता." त्यांनी फिल्म हळूहळू पुढे सरकवली. दुसऱ्यांदा मी घाईत कॅमेऱ्यावरच श्वास सोडला आणि काच पांढरी झाली. मला रडू यायला लागलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सावकाश. ते कुठे जात नाहीत."

काच पुसली. श्वास खाली सोडला. मग हातांनी ओळखीचं काम सुरू केलं. पांढरट, पसरट काहीतरी समोर होतं. मी कडी किंचित फिरवली, किंचित उलट, आणि मादीच्या मानेवरचं एकेक पीस लख्ख समोर आलं. इतकी वर्षं झाली होती, पण बोटं काही विसरली नव्हती.

"आहे," मी म्हणाले. "आता आहे. मान खाली आहे दोघांची."

आम्ही थांबलो. मला काहीच ऐकू येत नव्हतं. हासेगावा-साननी मान किंचित कलती केली, वर्गात कुणी सूर चुकतंय का ऐकणाऱ्या बाईसारखी. मला काही कळायच्या आत त्यांनी खटका दाबला. आणि त्याच क्षणी मला भिंगात दिसलं: दोन्ही माना वर, उघड्या चोची, आणि सोनेरी उन्हात वर चढणारे श्वास. नराचा एक, मादीचे दोन.

"पिंतो?" त्यांनी विचारलं.

"बरोबर."

"नक्की?"

"नसता तर सांगितलं नसतं का?"

त्या हसल्या. आधी हळू, मग अगदी मोठ्याने. एवढ्या मोठ्याने की क्रौंचांनी वळून पाहिलं. मी त्यांची टोपी कानावर ओढली आणि डबा काढला. तिळगुळाचे लाडू दगड झाले होते. चावताच येईनात. आम्ही दोघींनी एकेक गालात धरला आणि तो विरघळेपर्यंत कुंपणाला टेकून उभ्या राहिलो. तिळगूळ घ्या गोड गोड बोला, हे मी त्यांना जमेल तसं जपानीत सांगितलं. त्यांनी लाडू एका गालातून दुसऱ्या गालात ढकलला आणि म्हणाल्या, "तुम्ही गोड नका बोलू. तुम्ही खरं बोला."

स्लाइड धुऊन आली, ती कुरोकी-साननी मोठी करून दिली. हासेगावा-सान मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने ती इंचाइंचाने पाहत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "ऐकू येतंय." त्यांच्या फोटो-मंडळाच्या प्रदर्शनात तो फोटो लागला, तेव्हा खाली दोन नावं होती. मी म्हटलं, फोटो तर तुम्ही काढलात. "दिसला तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि विषय संपवला.

त्यांनी नंतर कॅमेरा धरला नाही, पण त्या हताशही झाल्या नाहीत. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांचं गाण्याचं मंडळ चालवलं. दर जानेवारीत मला होक्काइदोला पाठवायच्या आणि परत आले की प्रत्येक फोटो मला तोंडाने सांगायला लावायच्या: उजेड कुठून, बर्फाचा रंग कसा, मान किती वर. असं ऐकणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. त्यांच्याच आग्रहाने मी भाषेच्या परीक्षेला बसले आणि पुढे इथल्या एका प्रयोगशाळेत पुन्हा मायक्रोस्कोपवर बसले. त्यांना जाऊनही आता काही वर्षं झाली. बाबा म्हणाले होते ते एक वर्ष कधी संपलंच नाही. मिलिंदचं कॉन्ट्रॅक्ट वाढत गेलं, मग आम्ही ते वाढण्याची वाट पाहायचंही सोडलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या प्रवासाहून परतले त्या संध्याकाळचं. तुमच्यापैकी ज्या माझ्यासारख्या नवऱ्यामागून आल्या, त्यांना ते कळेल.

फ्लॅटची बेल वाजवली. आतून सईची धावती पावलं आली, दार उघडलं आणि ती ओरडली, "ओकाएरी!" बाहेरून आलेल्या आपल्या माणसाला जपानी घरात असं म्हणतात. आपलं "आलीस का गं?" असतं, तसंच. मी दारातच थांबले. इतकी वर्षं तो शब्द रोज मी म्हणत होते, दुपारी सईला, रात्री मिलिंदला. दुकानातून मी सगळ्यांच्या आधी रिकाम्या घरात शिरायची. मला तो म्हणायची वेळ कुणावर आलीच नव्हती. त्याला "तादाइमा", म्हणजे "आले मी", असं उत्तर द्यायचं असतं. ते मी बॅग खाली ठेवून दिलं, पहिल्यांदाच. आत मिलिंदने खिचडी केली होती, खाली थोडी लागलेली, आणि सगळा फ्लॅट फोडणीच्या धुराने भरला होता.

बूटही न काढता मी आधी पुण्याला फोन लावला, आई काळजीत असणार म्हणून. "आई, पोचले गं घरी."

"घरी?" आई दचकली. "कुठल्या घरी?"

तोवर मी फोनवर नेहमी "फ्लॅटवर" म्हणायचे. "फ्लॅटवर आलोय", "फ्लॅटवर पोचल्यावर फोन करते". त्या दिवशी तोंडातून घरच निघालं होतं. तेवढ्यात सईने माझ्या कोटाला हात लावला आणि "किती गार!" असं जपानीत ओरडली. ते आईला ऐकू गेलं असावं.

"बरं बरं," आई म्हणाली, "घरी पोचलीस ना, मग झालं. आता काहीतरी गरम खा."

तेव्हापासून मी दोन गावांना घर म्हणते, आणि ऐकणाऱ्याला दर वेळी कुठलं ते विचारावं लागतं. विचारू देत. मी सांगते.